जिवंत मुद्देमाल

ती केस आठवायला मला कागद लागत नाहीत. विसरायला काही सापडले असते तर बरे झाले असते.

नव्वदच्या दशकात मुंबईतली नोकरी सोडून मी अमिरातीत पोलिसांत करारावर होतो. हिंदी बोलणाऱ्यांची चौकशी बहुधा माझ्याकडे यायची. खबर दिली एका पठाण टँकरवाल्याने. अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या एका गोदामावर पाटी एसीच्या सुट्या भागांची, पण तिथे एक दिवसाआड गोडे पाणी ओतले जात होते. "एसी पानी पीता है क्या, साब?" एवढेच तो म्हणाला.

माझा अंदाज हातभट्टीचा. मजुरांच्या खोल्या जवळच होत्या. गुरुवारी दुपारी छापा घातला. दारूचा वास नव्हता. फायबरची मोठी टाकी होती आणि तिच्यात लांब चोचीचे, करड्या रंगाचे जनावर एका कुशीवर फिरत होते. डोळ्यांच्या जागी टाचणीने टोचल्यासारखी भोके.

गोदामवाला आधी म्हणाला, शोभेचा मासा आहे. मग म्हणाला, परवाना भागीदाराकडे आहे. भागीदार नव्हताच. शेवटी कबूल झाला: बुल्हन, सिंधू नदीतला आंधळा डॉल्फिन. कालव्यात अडकलेला पकडून लाँचने आणला होता, एका बंगल्यातल्या तळ्यासाठी.

कुशीवर का पडलाय, काय पाजलेस, असे मी दरडावून विचारले. छापा पडताच पुरावा नष्ट करणारे मी पाहिले होते.

"साब, वो ऐसे ही तैरती है. पानी बदलवा दो. कल टँकर आएगा, उसको मत रोकना."

टँकर म्हणताच माझे कान टवकारले. टँकरबरोबर निरोप जाणार, नाहीतर जनावरच पळवणार. खबर देणाराही दोन्हीकडून खात नसेल कशावरून? मुंबईच्या सवयीने पंचनामा केला, हवेचा पंप चालू ठेवला, दाराला सील ठोकले आणि शिपायाला बजावले, कोणालाही आत सोडायचे नाही, टँकर तर मुळीच नाही. सोबतच्या सार्जंटने अरबीत विचारले, "खलास?" झाले का सगळे? मी म्हणालो, "खलास." शुक्रवारची सुट्टी, पशुवैद्य शनिवारी येणार होता.

शुक्रवार चौकशीत गेला. मी गोदामवाल्याला चहा पाजला आणि गप्प बसलो. गप्प माणसासमोर लोक जास्त बोलतात. मध्येच तो टाकीतल्या पाण्याचे विचारी. मी म्हणे, आधी नाव सांग. एक नाव आले की मी दुसरे मागे. संध्याकाळपर्यंत लाँचचा नाखवा आणि बंगल्याचा दलाल, दोघेही हाती लागले. पाणी तसेच राहिले.

शनिवारी सील तोडले. पाणी पिवळे, कोमट. जनावर उताणे.

पशुवैद्य सिंधचा होता. त्याने जनावराचा पर उचलून पाहिला. म्हणाला, हे कुशीवरच पोहतात, पराने तळ चाचपत. धरणांनी नदीचे तुकडे केले, जाळी आहेत, कालव्यांचे पाणी ओसरले की त्यात अडकून मरतात. फार थोडे उरलेत. मग हळूच म्हणाला, "यह तो वहाँ से बचकर आई थी."

मला शाबासकी मिळाली. घरी बायकोने शिरा केला. मुलीने विचारले, "व्हेअर इज इट नाऊ, बाबा?" मी पेपर उघडला.

गोदामवाल्याला कोठडीत जाऊन मीच सांगितले. तो ओरडला नाही.

"मैं चोर हूँ, साब, मान लिया. मगर मरी हुई का मुझे क्या मिलता?"

नोकरीभर मी खोटे पकडायला शिकलो. एकदा माणूस खोटारडा ठरला की त्याचे सगळेच बोलणे मी एका गठ्ठ्यात बांधून टाकी. खरे बोलण्यात त्याचा फायदा कुठे आहे, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. स्वतःच्या पैशासाठी का होईना, त्या जनावराचा जीव वाचावा असे त्या खोलीत फक्त त्यालाच वाटत होते.

अहवालात मी लिहिले, 'वाहतुकीच्या ताणामुळे मृत्यू.' ते खोटे होते. कोणी पकडले नाही.