पळीभर लसणाचं तेल
लसूण तेलात तळल्याचा वास आला की डोंबिवलीचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. लहानपणी माझा कान वाहायचा, ऐकूही कमी यायला लागलेलं. आईने मला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान पुसून कोरडा केला, औषध दिलं आणि कानात तेल अजिबात घालू नका म्हणून बजावलं. घरी आत्या पळीत लसणाचं तेल कढवतच होती. “डॉक्टरला काय कळतंय? निवलं की घालते,” म्हणत तिने मला मांडीवर ओढलं. आत्यापुढे कधी तोंड न उघडणाऱ्या आईने ती पळी उचलली आणि आमटीत बुडवली. चर्र झालं. “वन्सं, तेल आमटीत जाईल, हिच्या कानात नाही.” आत्या त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र आज या वयातही फोडणीची चर्र दोन्ही कानांनी ऐकते.