शून्यावरचा काटा

आंबीच्या नथू घोजगेची पिकअप देहूरोडच्या लष्करी लिलावातली. ब्रेक नावालाच, दार सुतळीनं बांधलेलं. आणि सत्तर साली या पठ्ठ्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं काय, तर इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं मीटर! एक वायर कॉइलला जोडली, एक बॉडीला. मीटरच्या दिव्याला वायर उरली नाही, तेव्हा शहाण्यानं हॉर्नची उपसून तिकडं लावली. मग मीटरपुढं नारळ फोडला. त्या दिवसापासून नथू रस्ता सोडून काट्यालाच भजायला लागला.

एकदा लोणावळ्याला दूध घालून तो परत येत होता. शेजारी गावातली कस्तुरामावशी बसली होती. कामशेतच्या उतारावर पेट्रोल वाचवायला नथूनं सवयीनं इंजिन बंद केलं. काटा शून्यावर पडला आणि गाडी सुसाट सुटली.

"नथू, लय पळायला लागली रं गाडी!"

"मीटर बघ मावशी, शून्य हाय."

"मग झाडं का पळत्यात, मुडद्या?"

तेवढ्यात समोर म्हशी आल्या. नथूनं जिवाच्या आकांतानं हॉर्न दाबला. मीटरचा दिवा झकास लागला.

गाडी बांधावर आदळून थांबली, तेव्हा कुठं मीटर खरं ठरलं.