दशांश न येणारी चिप

दोन हजार साल उजाडताच संगणक बंद पडतील ही धास्ती ओसरली, त्या सुमारास मी अमरावतीहून पुण्यात आले आणि भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी वजनकाट्यांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायची. त्यांचे प्रोग्राम पंधरा वर्षं एकच गृहस्थ लिहीत आले होते, थेट चिपच्या भाषेत, असेंब्लीत. कसबा पेठेतले, कमी बोलणारे. सगळे त्यांना सर म्हणत.

मालकांना आता नवी चिप हवी होती आणि प्रोग्राम सी भाषेत. त्यासाठी क्रॉस-कंपायलर लागणार होता, म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा; तो चालणार आमच्या पीसीवर, पण कोड काढणार त्या चिपसाठी. तो उभा करायचं काम माझ्याकडे आलं. इंटरनेटवरून त्याचा सोर्स कोड उतरवायचा, त्यातून कंपायलर बिल्ड करायचा, म्हणजे बांधून तयार करायचा, मग त्याच्या लायब्ररी, म्हणजे सोबत लागणारे तयार कोडचे संच. एकाची आवृत्ती दुसऱ्याशी जुळायची नाही आणि दोन-दोन तास चाललेलं बिल्ड शेवटी आपटायचं. महिन्याभरानं जमलं. पण काट्यावर वजन ठेवलं की बोर्ड जागच्या जागी थिजायचा.

आठवडाभर मी डोकेफोड केली. मग एके दुपारी सर चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. कंपायलरनं काढलेला कोड त्यांनी स्क्रीनवर शांतपणे वाचला.

"अहो मॅडम, या चिपला दशांशाचं गणित येत नाही. तुमचा कंपायलर तिच्याकडून तेच मागतोय. ती बिचारी काय करणार?"

एवढं बोलून ते जागेवर गेले. दशांशाची आकडेमोड चिपवर न टाकता प्रोग्राममध्येच व्हावी, असा पर्याय देऊन मी कंपायलर आणि लायब्ररी पुन्हा बिल्ड केल्या. काट्यानं वजन दाखवलं.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कसं सापडलं हो हे?"

सर दोन टेबलं सोडून बसले होते. मी म्हणाले, "शोधत गेले, सापडलं."

सरांनी मान वर केली नाही.

पुढचे दोन महिने मी त्यांच्याशेजारी बसून जुन्या प्रोग्रामातलं सगळं गणित समजावून घेतलं. त्यांनी काहीही हातचं राखलं नाही. ते काम संपलं त्याच आठवड्यात मालकांनी त्यांना सांगितलं, असेंब्लीचं काम आता उरलं नाही. मला बढती मिळाली.

निघताना ते माझ्या टेबलाशी थांबले. "काही विचारायचं राहिलंय का? उद्यापासून मी नाही."

"नाही सर," मी म्हणाले. सांगायचं मात्र राहिलं होतं.

वर्षभरानं ते मंडईत भेटले, पत्नीसोबत. "या आमच्या ऑफिसातल्या. फार हुशार," त्यांनी ओळख करून दिली. मी त्या शब्दांत टोमणा शोधला. तो असता तर बरं झालं असतं. त्यांच्या पत्नीनं आग्रहानं घरी बोलावलं, पत्ता नीट समजावून सांगितला.

मी हो म्हणाले. गेले नाही.