राणीला न चाललेला दगड

लढाईच्या दिवसांत माझी भक्ती फार वाढली होती, पण तिच्यात खोट होती. जबलपूरच्या एका कारखान्यात मी तोफगोळ्याच्या टोकाला बसणारे फ्यूज तपासायचो. एकेक हातात घेऊन त्याची पिन पाहायची आणि पेटी भरली की तिच्यावर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा. डबल शिफ्टा चालू होत्या. एका दुपारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेवटच्या पेटीवर माझा शिक्का होता, आणि आतलं काही पाहिल्याचं मला आठवेना. बोललो तर नोकरी जाणार, वर घातपाताचा संशय. मी गप्प बसलो. तीन दिवस ग्वारीघाटावर जाऊन नर्मदामैयाला विनवलं, माई, त्या पेटीत वाईट काही निघू देऊ नको. पिन नसलेला एक जरी फ्यूज गेला, तर गोळा तोफेतच फुटून आपल्याच तोफेवरचा जवान जायचा. हे ठाऊक असून मी दोन वेळचं जेवत होतो. सांगायला लाज वाटते.

चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. नागपूरहून थोरली ताई आली होती, तिला गाव दाखवायचं होतं. सकाळी मदनमहालाचा चढ चढलो. तिथली एकावर एक तोललेली शिळा पाहून ताई हरखली; मला मेल्याला ती आता पडते की काय, हीच धास्ती. तिलवाराघाटाचं स्मारक पाहिलं. मग मंडल्याच्या बसने बरेल्याकडे, गढ्याची गोंड राणी जिथे लढता लढता पडली त्या समाधीला गेलो. वाटेत ताईने दोनदा विचारलं, काहून रे, इतका गप्प काहून राहून राहिला? मी जागरणावर ढकललं.

त्या समाधीवर पांढरा दगड वाहायची रीत आहे. ताई नाल्याकाठी वेचून वेचून शोधू लागली. मी पायाशी आला तो उचलला आणि ठेवायला गेलो. शेजारी एक गोंड म्हातारी मोळी उतरवून बसली होती. तिने माझा हात धरला आणि दगड उलटा केला. खालून तडकलेला होता.

"देखा नहीं, भैया?" ती म्हणाली. "रानी को बिना देखे नहीं देते. वो लड़ाई में मरी है."

मी तिथेच खाली बसून रडलो. ताई घाबरली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चल, आत्ताच कारखान्यात जाऊ. मी येते तुझ्यासंग फाटकापर्यंत."

फोरमनने माझं ऐकून घेतलं आणि मला गोदामात नेलं. माल न्यायची वॅगन त्या दिवसापासून आलीच नव्हती, पेटी तिथेच होती. उघडली. दोन फ्यूजना पिन नव्हती. ते बाजूला ठेवून त्याने वही उघडली.

"सो गए थे, ये लिखूँगा," तो म्हणाला. "खुद चलके आए, ये भी लिखूँगा."

नोकरी राहिली, तपासणीचं टेबल गेलं. मी पेट्या वाहू लागलो आणि त्या आठवड्यात प्रथमच गाढ झोपलो. वॅगन काहून अडली, म्हातारी तेव्हाच तिथे कशी बसली, याचा कीस मी काढत नाही. एवढं कळलं की मी मैयाच्या पायाशी गेलो होतो खरा, पण पदराखाली झाकून घ्यायला; शरण गेलोच नव्हतो. पेटीत वाईट निघू नये, असं मी मागितलं होतं. ते निघालं. त्या तीन दिवसांत मैयाने माझं ऐकलं नाही, कुठल्याशा जवानाच्या आईचं ऐकलं. मैयाचे हे उपकार मी कसे फेडू?