शाल नको, सुपारी आणा

आखातात शालीचा खरा उपयोग कळलेला एकच मराठी माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे खालचे काका. दोह्याच्या मुऐदर भागात एका व्हिलाचे मधे भिंती घालून तुकडे केलेत. वरचा तुकडा आमचा आणि जिन्यालगतचा त्यांचा, म्हणून ते खालचे काका. पेशाने क्वांटिटी सर्व्हेयर, हाताने तबलजी. इथल्या मराठी मंडळींनी त्यांना इतक्या शाली पांघरल्या होत्या की दुसरा कुणी त्यांच्याखाली दबून गेला असता. काकांनी त्या कामाला लावल्या. एक गाडीच्या काचेला आतून, उन्हासाठी. एक खिडकीला, एक इस्त्रीच्या टेबलावर, आणि सगळ्यात भरजरी होती ती एसीखाली, ठिबकणारं पाणी टिपायला. जुलैच्या दुपारी इथे स्टिअरिंगला हात लावणं म्हणजे तापल्या तव्याला हात लावणं. तेव्हा काचेवरची शाल काढत काका म्हणायचे, "बघा बाई, सत्कार कामी आला." मी अल गराफातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे मी सगळ्यांची बाई, त्यांचीही.

काकांचा नियम एकच, फुकट वाजवायचं नाही. घरचं कार्य असो, देवाचं असो, की 'आपल्याच लोकांत जरा गंमत' असो. दिवसभर साइटवर दुसऱ्यांच्या भिंती मोजायच्या आणि मोजलेल्या कामाचंच बिल लावायचं, ही सवय त्यांच्या हाडात होती. मैफलीत कुणी आयत्या वेळी फर्माइश केली की ते माइकवर शांतपणे सांगायचे, "हे मूळ कामात नव्हतं." लोकांना विनोद वाटायचा. काका हात रुमालात पुसून बसून राहायचे, तेव्हा कळायचं की विनोद नव्हता. एका डेंटिस्टच्या मुलाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे गेलो होतो. काका पाहुणे म्हणून आलेले, आणि यजमानांनी कुणाचा तरी तबला आणून पुढे ठेवला. काका, थोडंसं वाजवा ना. काका उठले, केकच्या टेबलाशी गेले, यजमानांसमोर आ वासून उभे राहिले आणि बोटाने दाढ दाखवत म्हणाले, "थोडंसं बघा ना." त्या घरचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलं नाही. त्यांच्याबरोबर हसलो म्हणून आम्हालाही आलं नाही.

कंजूष म्हणावं तर तसंही नाही. माझी मुलगी लहान होती तेव्हा जिन्यात बसून त्यांचा रियाझ ऐकायची. तिला वेगळं काही वाजवून दाखवायचं तर दर ठरलेला, एका खजुराला एक तिहाई. ती इंग्रजीत म्हणायची, काका, वन मोअर. काका म्हणायचे, आधी खजूर. घरात आम्ही मराठी बोललो तर उत्तर इंग्रजीत देणारी ही पोरगी, पण 'आधी खजूर' एवढं मराठी मात्र पक्कं शिकली आणि शाळेतल्या मैत्रिणींवर वापरू लागली. गणपतीतही इथल्या मराठी मंडळासाठी वाजवायला त्यांनी नकार दिला, तेव्हा देवासाठीसुद्धा नाही का म्हणून खूप बोललं गेलं. पण मी मोदकांची भांडी ठेवायला भरदुपारी हॉलवर गेले, तर आत चिटपाखरू नाही आणि काका गणपतीसमोर एकटेच डोळे मिटून वाजवत बसलेले. नंतर विचारलं तर म्हणाले, देव एकटा होता तोवर ते देवासाठी होतं. खुर्च्या मांडल्या, मागे स्पॉन्सरचा फलक लावला, की तो कार्यक्रम झाला.

हा हट्ट कुठून आला, हे त्यांनी एकदाच सांगितलं. नाशिकला त्यांचे गुरुजी होते. जन्मभर लोकांनी त्यांना हार घातले, पाया पडले, आणि कलेचं मोल कसं करणार म्हणून पाकीट द्यायचं टाळलं. शेवटच्या आजारपणात औषधाची पंचाईत, आणि शोकेस मात्र सरस्वतीच्या मूर्ती लावलेल्या स्मृतिचिन्हांनी भरलेलं. काकांनी ती सगळी पोत्यात भरून भंगारवाल्याकडे नेली. त्याने एक उचलून पाहिलं, नखाने खरवडलं आणि म्हणाला, आत लाकूड आहे, वरनं रंग दिलाय, चालणार नाही. ही गोष्ट सांगताना काका हसत होते. मला हसता आलं नाही.

कारण माझे वडील, आमचे दादा, सनई वाजवायचे. लग्नात मांडवाच्या बाहेर बसून वाजवायचं आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायचं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि माझी बीएस्सी त्या सनईच्या फुंकेवर झाली, हे मी कुठेही सांगते. गावात कार्य ठरलं की त्या घरचा माणूस दादांकडे यायचा आणि त्यांच्या हातावर सुपारी ठेवायचा. बाकी बोलणी नंतर. सुपारी घेतली की वाजंत्री बांधला गेला. ताप असो, घरी मयत असो, जायचं. नाहीच जमणार असेल तर स्वतःच्या हाताने सुपारी परत करून यायचं. दादा म्हणायचे, परतही करत नाही आणि वाजवतही नाही, त्याने सनईला हात लावू नये. म्हणून कला विकायची नसते असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्या घरचं बघते. आजवर मला हे ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या प्रत्येकाच्या वडिलांना पहिल्या तारखेला पगार होता.

पण दुसरी बाजूही मी ऐकली आहे, आणि ती खोटी नव्हती. आमच्या मंडळाचे अध्यक्ष सज्जन माणूस. मुशैरिबच्या ऑफिसातून सुटले की रात्रंदिवस मंडळाचं काम, पदरमोड करून. दिवाळीच्या कार्यक्रमाला पुण्याहून गायक आणला. त्याला विमानाचं तिकीट, हॉटेल आणि पाकीट. साथीला काका, त्यांना शाल आणि नारळ. काका म्हणाले, साथ अर्धी असते का? तेव्हा अध्यक्ष पहिल्यांदा चिडले. "काका, खुर्च्या मी स्वतः उचलतो. या बाई रात्रभर मोदक वळतात. सगळे फुकट राबतो आपण, आपल्या माणसांसाठी. तुम्ही आपले नाही का?" काका म्हणाले, "आपला आहे म्हणूनच पाहुण्याच्या निम्म्यात मागतोय. तुम्ही मला पाहुणाही धरत नाही आणि तबलजीही." त्या दिवाळीला गायकाने कॉम्प्युटरवरच्या तबल्यावर भागवलं.

मग काकांचा प्रोजेक्ट संपला. वय झालेल्या माणसाला इथे दुसरा व्हिसा मिळत नाही; सगळ्यांना माहीत असतं, आणि प्रत्येकाला ते आपल्याआधी दुसऱ्याच्या बाबतीत दिसतं. काका म्हणाले, खलास. मंडळाने शुक्रवारी दुपारी निरोपसमारंभ ठेवला. अध्यक्ष निमंत्रण द्यायला आले तेव्हा मी काकांकडेच बसले होते. सगळं सांगून झाल्यावर अध्यक्ष जरा अवघडून म्हणाले, की मी दोन अभंग म्हणणार आहे, आणि दोह्यात दुसरा तबलजी मोकळा नाही, तर काका, तुम्हीच... स्वतःच्या निरोपाला स्वतःच साथ करायची. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. काकांनी चहा संपवला आणि हळूच विचारलं, "बिदागी?" अध्यक्ष आधी हसले. मग म्हणाले, जातानाही, काका? आणि उठून गेले.

काका समारंभाला गेले, तबला घरी ठेवून. खांद्यावर शेवटची शाल पडली. भाषणं झाली, सगळे चांगलंच बोलले. मग अध्यक्षांनी मोबाइलवरचा तबला लावला आणि अभंग सुरू केला. मोबाइल कुणासाठी थांबत नाही. अध्यक्ष सम शोधत राहिले आणि ती दरवेळी पुढे निघून गेली. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी शाल घडी करून मांडीवर घेतली होती, आणि तिच्यावर त्यांची बोटं चालली होती. अध्यक्ष चुकले की ती थांबायची, त्यांना सम सापडली की पुन्हा उचलायची. पूर्ण अभंगभर त्यांनी साथ केली. ती कुणाला ऐकू आली नाही. आवाजच नव्हता.

रविवारी शाळेतून आल्यावर मी पितळी ताटलीत सुपारी आणि वर एक रियाल ठेवून मुलीला घेऊन खाली गेले. डोक्यावरून पदर घेतला. आमच्या गावात हे असंच करतात. काका बॅगा बांधत होते. मी म्हटलं, काका, आमच्याकडे वाजवायला यायचं. ते ताटलीकडे बघत राहिले.

"तबला कार्गोत गेला, बाई."

"मग राहू दे."

"नको." त्यांनी सुपारी उचलून मुठीत धरली. "तारीख काय?"

जूनमध्ये सुट्टीत गावी येईन तेव्हा, असं मी म्हणाले. रियाल त्यांनी माझ्या मुलीच्या हातावर ठेवला. म्हणाले, पुढच्या खजुराचा.

काका नाशिकला परतले त्याला आता दोन जून होऊन गेले. पहिल्या वर्षी मुलीची परीक्षा आडवी आली, दुसऱ्या वर्षी दादा गेले आणि सगळी सुट्टी गावातच संपली. मधूनमधून फोन होतो. नाशिकला गेल्यापासून कार्गोची पेटी उघडलेली नाही. डाव्या हाताची बोटं सकाळी मिटलेलीच राहतात, गरम पाण्यात धरली की थोडी सुटतात. मागच्या खेपेला ते एवढंच म्हणाले, "तुमच्या दादांचा नियम माझ्या ध्यानात आहे, बाई." पुढे ते काय म्हणणार होते ते मला कळलं, म्हणून मी घाईने म्हटलं, या जूनला नक्की येतेय. ते म्हणाले, इन्शाल्ला.

त्यांच्या शाली ते मला देऊन गेलेत. शाळा सुटल्यावर तापलेल्या गाडीत बसताना मी काचेवरची शाल काढते, घडी करून शेजारच्या सीटवर ठेवते, आणि कधी कधी गाडी सुरू करायला उशीर होतो. सुपारी अजून परत आलेली नाही.