फादरांच्या चहाला जाऊ नका

मी खोलीत पाऊल टाकलं तेव्हा ती पलंगावर मांडी घालून बसली होती आणि एका कुलपात पिन घालून ते उघडायच्या मागे होती. कुलूप तिच्याच कपाटाचं होतं.

"किल्ली हरवली का?" मी विचारलं.

"नाही. कितपत टिकतं ते बघतेय." मग मला नखशिखान्त न्याहाळून ती म्हणाली, "तुला या खोलीत कोणी पाठवलं?"

"ऑफिसमधल्या सिस्टरनी."

"का?"

पलंग रिकामा होता म्हणून, याखेरीज मला काही सुचलं नाही. तिला ते मुळीच पटलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या खोलीत पहिल्या वर्षाची मुलगी टाकायची इथे पद्धत नाही, तेव्हा यात काहीतरी पाणी मुरतंय, असं म्हणून तिनं पिशवीतून दुसरं, चांगलं जाडजूड कुलूप काढलं आणि कपाटाला लावलं.

सगळं होस्टेल तिला जपूनताई म्हणायचं. आपल्या माघारी नाव पडलंय हे तिला माहीत होतं आणि त्यात काही गैर आहे असं तिला वाटत नव्हतं. तिचे वडील कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या बनवायचे. एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. एकच किल्ली आहे म्हणणाऱ्याकडे दोन असतात, असं ते म्हणत. अशा घरात वाढलेली मुलगी भाबडी निघाली असती तरच नवल.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात नव्या मुलामुलींचं स्वागत झालं. रेक्टर फादर बोलले, आपण सगळे एक कुटुंब आहोत म्हणाले. होस्टेलच्या सिस्टर बोलल्या, दार सदैव उघडं आहे म्हणाल्या. मग एक उंच, किंचित वाकलेले फादर उठले. विद्यार्थ्यांची विचारपूस करणं हेच त्यांचं काम. ते म्हणाले, "चॅपलच्या मागची खोली माझी. कोणत्याही धर्माचे असा, कोणताच नसला तरी या. चहा मिळेल." एवढं बोलून ते खाली बसले. मला ते एकदम आवडले.

संध्याकाळी गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला, जपूनताईनं आम्हा नव्या मुलींचं दुसरं स्वागत केलं.

"सकाळी ऐकलंत ते विसरा," ती म्हणाली. "मेसमध्ये जेवणाबद्दल तक्रार आहे का असं विचारलं तर नाही म्हणायचं. हो म्हणणारीला कमिटीत घेतात आणि मग भाजी निवडायला तीच. चॅपलमध्ये शांत बसायला खुशाल जा, पण मागच्या बाकावर. पुढे बसलात की सिस्टरना वाटतं हिचा आवाज चांगला असणार, आणि गाण्यात ओढतात. तत्त्वज्ञानाच्या सरांना प्रश्न आवडतात असं ते स्वतः सांगतात, आपण विचारायचे नाहीत. कोणी कशी आहेस विचारलं, तर बरी आहे. पुढे एक शब्द नाही. दुखणंखुपणं तर मुळीच सांगायचं नाही, पहिला फोन घरी जातो."

"आणि ते चहावाले फादर?" एका मुलीनं विचारलं.

"त्यांच्या चहाला जाऊ नका."

ती हे इतक्या थंडपणे म्हणाली की का, असं विचारायचा कोणाला धीर झाला नाही.

कारण मला पुढे कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. पहिल्या वर्षी ती त्या खोलीत गेली होती. वडिलांच्या हट्टापायी कॉमर्सला आले, जीव रमत नाही, कायद्याकडे जायचंय, पण घरी सांगायची छाती होत नाही, असं सगळं तिनं फादरना सांगितलं. फादर म्हणाले, ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. आठवडाही उलटला नाही तोच तिचे वडील हातात पिशवी घेऊन होस्टेलच्या फाटकाशी उभे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्यांना सगळं ठाऊक होतं. चिडले नाहीत, वर्षभर कर मग बघू म्हणाले. मीही मग हट्टानं कॉमर्सच करत राहिले. पण सांगितलं कोणी? खोलीत दोघंच होतो. मी आणि ते."

हिशेब चोख होता. मी चॅपलमागची वाट सोडली. फादर समोरून येताना दिसले की मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकायचे. एकदा त्यांनी गाठलंच. "कसं चाललंय?" म्हणाले. "बरं," म्हटलं आणि पळाले.

तिच्यासोबत राहून संशय मलाही चिकटला. मेसच्या मावशींनी एक पोळी जास्त वाढली तर का वाढली असं वाटायचं. वर्गात शेजारच्या मुलीनं न मागता टिपणं दिली, ती मी पुस्तकाशी ताडून पाहिली. आणि मग साहजिकच मला जपूनताईचाच संशय येऊ लागला. हिला आमची एवढी काळजी का? कोण कुठे गेलं, कोण कोणाशी बोललं, हे सगळं हिला कसं ठाऊक? सिस्टरना आतल्या बातम्या देणारी हीच नसेल कशावरून? मी माझ्या पेटीला कुलूप घातलं. तिनं ते पाहिलं आणि प्रथमच माझ्यावर खूश झाली.

थंडीच्या सुरुवातीला माझा डावा कान ठणकू लागला. आधी नुसते दडे बसल्यासारखं झालं, मग जबडा हलवला तरी कळ यायची. होस्टेलच्या तळमजल्यावर छोटा दवाखाना होता, तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर बसायच्या. मी गेले नाही. घरी आधीच आई एकटीनं सगळं ओढत होती. फोन गेला असता तर ती धावत आली असती, आणि एवढ्या लांब मुलीला ठेवायचंच कशाला, असं म्हणणारे काका तयारच होते. वर्गात मी डाव्या भिंतीला खेटून बसायला लागले, म्हणजे उजवा कान सगळ्यांकडे राहायचा. कोणाला कळलं नाही. जपूनताईला कळलं, पण तिला वाटलं मी तिचं ऐकू न आल्याचं सोंग करतेय.

एका दुपारी ती वर्गातून आली तेव्हा मी पडून होते. उशीवर पिवळट ओल होती आणि त्यात रक्ताची रेघ. तिनं उशीवर बोट टेकवून ओल पाहिली. मग म्हणाली, "ऊठ."

"फोन जाईल घरी."

"ऊठ म्हटलं ना."

दवाखान्यातल्या सिस्टरनी कानात उजेड टाकून पाहिलं आणि कधीपासून दुखतंय म्हणून विचारलं. मी जपूनताईकडे पाहिलं.

"कान तुझा आहे ना?" सिस्टर म्हणाल्या. "मग उत्तर तिच्या तोंडावर कसलं शोधतेस?"

त्या वहीत काही लिहू लागल्या तशी जपूनताई पुढे झाली. "हे कोण वाचतं?"

"संध्याकाळी येणारी नर्स. तिला माझं अक्षर लागत नाही, म्हणजे तसं कोणीच नाही."

जपूनताईनं औषधाची बाटली खिडकीकडे धरून तिच्यावरची तारीख वाचली. सिस्टरना राग आला नाही. "बघ, बघ. बघितलेलं बरंच असतं," म्हणाल्या. मग मला विचारलं, "घरी कळवू?"

"नको."

"ठीक. पण तू कळव. परक्याच्या तोंडून ऐकलं की आईला ते दुप्पट वाटतं."

त्यांनी रिक्षा बोलावली आणि आम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पडदा फाटला होता. भरून येईल, पण या कानानं बारीक आवाज पहिल्यासारखे ऐकू येतीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. एवढे दिवस काय करत होता, असंही विचारलं. परतताना जपूनताई रिक्षात एका कडेला आक्रसून बसली होती. ती माझ्याशी बोलली असेल तर ते डाव्या बाजूनं, मला काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर ती रोज विचारायची, "घरून फोन आला?"

"नाही."

"येईल."

फोन आला नाही. शेवटी बरं वाटल्यावर मीच आईला सांगितलं. आई आधी रडली, मग रागावली. "आम्हाला कोणी अवाक्षरानंही बोललं नाही गं," म्हणाली. हे वाक्य जपूनताईनं माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. वहीत लिहिलं होतं, सिस्टरना माहीत होतं, डॉक्टरना माहीत होतं, आणि तरी बातमी फाटकाबाहेर गेली नव्हती. हे तिच्या हिशेबात बसेना. रात्री तिची कूस बदलायची चाहूल मला चांगल्या कानानं लागत असे.

सुट्टीत ती घरी जाऊन आली. पिशवी न उघडता पलंगावर बसून राहिली.

"मी बाबांना विचारलं," ती म्हणाली. "त्या वेळी तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"काय म्हणाले?"

"ते कानस लावत होते किल्लीला. हात थांबवला नाही. म्हणाले, 'काय सांगितलं होतं?' म्हटलं, मला कॉमर्स नको होतं ते. तर म्हणाले, 'तूच.'"

मला कळेना. तिलाही तेव्हा कळलं नव्हतं म्हणे. वडिलांनी समजावून सांगितलं. ते शहरात घाऊक बाजारात किल्ल्यांचे पितळी तुकडे घ्यायला आले होते. बस सुटायला अवकाश होता, म्हणून लेकीला बघून जावं असं वाटलं. पिशवीत पितळ होतं. ती फाटकाशी आली, बापाला पाहिलं आणि पांढरीफटक पडली. "बाबा, तुम्हाला कळलं ना?" म्हणून रडायलाच लागली आणि सगळं घडाघडा बोलून गेली. ते नुसते ऐकत राहिले.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून?" तिनं विचारलं होतं.

"तू विचारलं नाहीस. तू तर मला सांगत होतीस की मला माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच."

हे सांगून झाल्यावर जपूनताई हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिनं माझ्या डाव्या कानाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

फादरांकडे जाताना तिनं मला सोबत नेलं, साक्षीदार हवा म्हणून. खोली लहान होती, पुस्तकं जमिनीवरही रचलेली. फादरनी किटली ठेवली. ती उभ्यानंच बोलली. चूक झाली, मी मुलींना तुमच्याबद्दल वाईट सांगत आले, असं सरळ म्हणाली.

"ठाऊक आहे," फादर म्हणाले. "तुमच्या गच्चीच्या खालीच, कुंपणापलीकडे, माझा व्हरांडा आहे."

तिचे डोळे बारीक झाले. "म्हणजे तुम्ही ऐकत होता?"

"तू मोठ्यानं बोलतेस."

"मग 'मी तिच्या वडिलांना काही सांगितलं नाही' असं का नाही म्हणालात?"

"म्हटलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"आणि इथे कोण काय बोललं याचा खुलासा करत सुटलो असतो, तर माझा शब्द मोडलाच असता. बसा आता. चहा घ्या."

चहा पाणचट आणि कडू होता. आम्ही संपवला.

जपूनताई बदलली, असं कोणी सांगितलं तर त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पुढच्या वर्षी फादरनी तिला स्वागताच्या दिवशी चार शब्द बोलायला सांगितलं, तर यात त्यांचा काय डाव असेल यावर तिनं आठवडाभर माझं डोकं खाल्लं. शेवटी बोलली. कमिटीचं सांगितलं, मागच्या बाकाचं सांगितलं. समोर बसलेल्या सिस्टर हसू दाबत होत्या. मग ती म्हणाली, "संशय आला तर ज्याचा आला त्यालाच जाऊन विचारा. मैत्रिणींना विचारू नका, त्यांना माहीत नसतं. आणि दुखलं तर त्याच दिवशी सांगा. माझं ऐकून एकीचा कान गेलाय." माझं नाव तिनं घेतलं नाही. तिच्या नजरेवरून ते कोणालाही कळलं असतं.

पुढे ती लेखापरीक्षक झाली. लोकांवर संशय घ्यायचा पगार मिळतो, असं तिचे वडील सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत. आम्ही अजून भेटतो. हॉटेलात ती बिलाची बेरीज स्वतः करते.

पण मला आठवते ती त्या स्वागतानंतरची संध्याकाळ. नव्यांपैकी एक मुलगी आमच्या दाराशी येऊन चुळबुळत उभी राहिली. फादरांशी बोलायचं होतं तिला, काहीतरी घरचं. "जाऊ ना, ताई? काही होणार नाही ना?"

"मला काय माहीत?" जपूनताई म्हणाली आणि चप्पल पायात सरकवली. "चल. मी बाहेर बाकावर बसते. बोलून झालं की हाक मार."

ती खरंच बसली, अंधार पडेपर्यंत. मी मधे एकदा शाल द्यायला गेले तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मलाही आपल्यासारखंच जरा लांब, आतलं बोलणं ऐकू येणार नाही अशा जागी बसवलं.