बिनपुडीची बॅच

चहा उतू जाण्याच्या बेतात होता. सासूबाई रेडिओचे सेल काढून खिडकीतल्या उन्हात मांडत होत्या, म्हणजे ते अजून दोन दिवस ओढतील. ड्रायव्हरसाहेब खाटेवर पाय लांब करून बसले होते आणि वहिनी त्यांच्या पोटरीवरची पट्टी बोटाबोटाने सोडवत होत्या. ड्रायव्हरसाहेब म्हणजे वहिनींचे यजमान. तीस वर्षं मालट्रक चालवून ते घरी बसले, पण नाव काही खाली उतरलं नाही. दोन महिन्यांपूर्वी शेडचा पत्रा लागून पोटरी चिरली होती. जखम म्हणावी तर वीतभरही नाही, पण तीन-तीन औषधांचे कोर्स होऊनही ती काही केल्या मिटत नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक सडसडीत बाई उभ्या होत्या. हातात थर्मासचा डबा, खांद्याला पिशवी. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तपासण्या करतात त्या मॅडम. गेल्या आठवड्यात जखमेतला पू तपासायला घेतला होता, त्याचा निकाल घेऊन त्या स्वतःच आल्या होत्या. कागद पाठवला असता तर तुम्ही घडी करून फडताळात ठेवला असता, असं त्या आत येता येताच म्हणाल्या. वहिनींना हसू आलं, कारण आधीचे तीन कागद फडताळातच होते.

मॅडमनी चहा घेतला आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला. जखमेत जे जंतू आहेत, त्यांच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत. ज्या गोळ्यांनी त्यांनी मरायला हवं, त्या ते चहासारख्या रिचवतात. मग त्यांनी घरभर नजर टाकली.

"घरात कोंबड्या आहेत का हो?"

"घरात नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "पण घर त्यांच्यावरच आहे."

खरंच होतं ते. घरामागे लांबलचक शेड, शेडमध्ये तीन हजार पक्षी. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, वाढवायचं वहिनींनी. ड्रायव्हरसाहेब सडकेवर असत तेव्हापासून हा कारभार वहिनींचाच. प्रत्येक बॅचबरोबर कंपनीकडून पिवळ्या पुड्यांचं एक खोकं येई. सगळे त्या पुडीला ताकदीची पुडी म्हणत. पहिल्या दिवसापासून पाण्यात घालायची, पिल्लं ठणठणीत राहतात, वजन चांगलं भरतं. वहिनींचा हात मुळातच सढळ. कोपऱ्यात चार पिल्लं मान टाकून बसलेली दिसली की अर्धी पुडी जास्त. आपलं लेकरू किरकिरलं तर आपण नाही का त्याला वाटीभर दूध जास्त देत?

मॅडम एक पुडी घेऊन खिडकीशी गेल्या. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

"वहिनी, ही ताकद नाही. हे जंतू मारायचं औषध आहे. साहेबांना दवाखान्यात दिलं ना, त्याचंच सख्खं भावंड."

वहिनींची नजर कोपऱ्यातल्या बादलीकडे गेली. कारण पुढची गोष्ट मॅडमना माहीत नव्हती. संध्याकाळी पक्ष्यांच्या भांड्यांत उरलेलं पाणी वहिनी बादलीत जमा करत आणि त्याच पाण्याने दोन महिने यजमानांची जखम धूत होत्या. ताकदीचं पाणी, नाल्यात ओतायचं जिवावर येई. कल्पना कुणाची म्हणाल तर त्यांचीच.

त्यांनी ते सांगून टाकलं. मॅडमनी कप खाली ठेवला आणि रागावण्याऐवजी नीट समजावलं. रोज थोडं थोडं औषध मिळालं की मऊ जंतू मरतात, निबर तेवढे उरतात आणि त्यांचंच पीक येतं. पक्षी त्या पाण्यात चोच घालतात, विष्ठेचे पाय घेऊन उभे राहतात. म्हणजे वहिनी जखमेवर औषध नव्हे, निबर जंतूंचं रोप लावत होत्या.

"आता एक इंजेक्शन उरलंय जे चालतं," मॅडम म्हणाल्या. "ते देऊ. पण त्याच्यापुढे माझ्याकडे फारसं काही नाही."

जाताना त्या शेडमध्ये दहा ठिकाणी कापसाचे बोळे फिरवून गेल्या. तपासणीत दहापैकी आठ ठिकाणी तेच निबर जंतू सापडले.

दहा दिवस इंजेक्शनं झाली आणि पोटरीवर पहिल्यांदा कोरडी खपली धरली. त्याच दिवशी वहिनींनी ठरवलं की पुढची बॅच बिनपुडीची.

कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला. माणूस वाईट नव्हता, पण गालात कायम लवंग आणि बोलण्यात कायम घाई. त्याने हिशेब मांडला. वहिनींच्या शेडमध्ये शंभरात चारपर्यंत मरतूक होते, ती चालते. पाचाच्या वर गेली की कंपनी पुढची पिल्लं देणार नाही. म्हणजे शेडला कुलूप.

"प्रयोग करायला ही शाळा नाही, वहिनी," तो म्हणाला. पुड्यांचं खोकं मात्र तो ओट्यावर ठेवून गेला, असू दे म्हणून.

सासूबाईंनी पदर सावरत विचारलं, की शेड बंद झाली तर तीन हजारांच्या जागी आपण चार कबुतरं पाळायची का. ड्रायव्हरसाहेबांना तर धडकीच भरली.

"अगं, तू ब्रेक काढून घाट उतरायला निघालीस."

"ब्रेक नाही, हॉर्न काढलाय," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं तुम्हीच सांगत आलात, चांगला ड्रायव्हर हॉर्नवर गाडी चालवत नाही."

ड्रायव्हरसाहेब उठले आणि लंगडत लंगडत शेडमधल्या पाण्याच्या नळ्या धुवायला लागले.

शेड रिकामी होती तोवर तिघांनी ती घासून चुन्याने अशी पांढरी केली की सासूबाई म्हणाल्या, माझ्या लग्नात घराला एवढा चुना नव्हता. पाण्याच्या नळ्यांतून शेवाळाच्या बोटबोट लांब वळकट्या निघाल्या. एवढी वर्षं पुडी त्याच शेवाळावरून वाहत होती. दाराशी जंतुनाशकाचं घमेलं आलं, पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही, आतल्या चपला वेगळ्या. खाली नवं कोरडं तूस पसरलं. सुपरवायझरलाही घमेल्यात बूट बुडवायला लावले, तेव्हा तो लवंग चावत म्हणाला की मंत्र्यांच्या घरी जाणं सोपं.

पिल्लं आली. पहिले पंधरा दिवस निभावले. वहिनी तारखेच्या कागदावर रोजची मरतूक लिहीत: दोन, एक, तीन, दोन. एकोणिसाव्या दिवशी अकरा.

सकाळी पडदा सरकवला तेव्हा शेडचा मधला भाग गप्प होता. पक्षी पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेले. वहिनींचे पाय आपोआप ओट्याकडे वळले, खोक्यातून पुडी हातात आली, आणि बादलीपाशी त्या थबकल्या. मग पुडी परत ठेवून त्यांनी फोन केला. अर्ध्या तासात सुपरवायझर आला, येतानाच म्हणाला, मी सांगत होतो.

"डॉक्टरांना बोलवा," वहिनी म्हणाल्या. "आजार निघाला तर मी स्वतः औषध देईन. ते सांगतील तेवढं, सांगतील तेवढेच दिवस. पण घाबरून देणार नाही."

डॉक्टर दुपारपर्यंत येणार होते. मधला वेळ काढायचा कसा? वहिनी सरळ शेडमध्ये जाऊन तुसावर मांडी घालून बसल्या, वाकून, डोकं पक्ष्यांच्या उंचीवर आणून. चार मिनिटं झाली नाहीत तोच डोळ्यांतून धारा लागल्या, नाक चुरचुरलं. त्या उभ्या राहिल्या तर काही नाही. बसल्या तर पुन्हा तेच. त्यांनी सुपरवायझरला हाक मारली.

"बसा इथे. कोंबडी व्हा पाच मिनिटं."

तो नाही-नाही म्हणत बसला आणि तीन मिनिटांतच रुमाल शोधत उठला. लवंग कुठे पडली ते त्यालाही कळलं नाही. माणसं उभ्याने शेड पाहतात आणि पक्षी खाली राहतात, त्यामुळे हा वास कुणाच्या नाकापर्यंत पोचलाच नव्हता. वहिनींनी तूस चाचपलं. मधली नळी ठिबकत होती, खाली हाताला लगदा लागला. त्यात गारठ्याच्या भीतीने पडदे आठवडाभर खालपर्यंत सोडलेले. ओल्या विष्ठेची वाफ आत कोंडली होती. आधीही हे होतच असणार. तेव्हा पुडी पडायची आणि सगळे निर्धास्त व्हायचे.

डॉक्टरांनी दोन मेलेले पक्षी उघडून पाहिले आणि तेच सांगितलं: आजार काही नाही, शेडमध्ये मोकळी हवाच नाही. तोवर नळी बांधली गेली होती, ओलं तूस पोत्यांत भरून बाहेर गेलं होतं, पडदे वरून हातभर उघडले होते. सुपरवायझरने शर्टाच्या बाह्या सरसावून सहा पोती उचलली. दुसऱ्या दिवशी मरतूक पाच, मग दोन. चौथ्या दिवशी शेडमध्ये असा कलकलाट उठला की सासूबाईंना रेडिओ ऐकू येईना, आणि त्यांनी पहिल्यांदाच त्याबद्दल तक्रार केली नाही.

बेचाळिसाव्या दिवशी पक्षी उचलायला ट्रक आला. ड्रायव्हरसाहेब दोन्ही पायांवर भक्कम उभे राहून, येऊ द्या, अजून येऊ द्या, असं ओरडत ट्रक मागे घ्यायला लावत होते. पोटरीवर पट्टी नव्हती, गुलाबी नवी कातडी होती. तीन हजारांतून गेले होते त्र्याऐंशी. शंभरात तीनसुद्धा नाही. या शेडमध्ये इतकी कमी मरतूक कधी झालीच नव्हती.

मॅडमनी पुन्हा बोळे फिरवले होते. तो निकालही त्या स्वतःच घेऊन आल्या. आठाच्या जागी तीन.

"गेले असं समजू नका," त्यांनी बजावलं. "पण साधे जंतू परत जागा घेताहेत. पुढच्या बॅचलाही असंच करा." आणि त्यांनी न मागता दुसरा कप चहा घेतला, यावरून वहिनींना त्या किती खूश आहेत ते कळलं.

सुपरवायझर आला तो कंपनीच्या मोठ्या साहेबांचा निरोप घेऊन. आसपासच्या शेडवाल्यांना इथे आणून दाखवायचं ठरलं होतं. दारावर पाटी लागणार होती, फोटो निघणार होता. मोठ्या साहेबांनी विचारलंय, वहिनींना काय हवं? सासूबाई मागून हळूच पंखा, पंखा म्हणत होत्या. ड्रायव्हरसाहेबांनी छाती फुगवून शर्टाची बटणं लावली.

वहिनींनी हात पदराला पुसले.

"पुढची पिल्लं सकाळी आठच्या आत उतरवा," त्या म्हणाल्या. "दुपारी येतात ती तहानेनं अर्धमेली असतात, त्यांना सावरण्यातच माझे पहिले दोन दिवस जातात. तेवढं करा."